प्याद्याची मात

आमचे हे, म्हणजे जिनदत्त मगदूम, सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. माइकवरून गाड्या पुकारायचे. आता गाड्या स्वतःच चालतात आणि स्वतःच स्वतःला पुकारतात, पण आमच्या घरात यांचं पुकारणं काही थांबलेलं नाही. बुद्धिबळ खेळताना तर फारच. "हत्ती, पाचव्या पट्टीवरून सातव्या घरी, मध्ये कुठेही थांबणार नाही," असं म्हटल्याशिवाय यांची चाल पुरी होत नाही. हे ऐकून घ्यायला समोर दस्तगीरभाई असायचे. दस्तगीर मुल्ला, यांच्याच डेपोतले ड्रायव्हर. रोज दुपारच्या चहानंतर विश्रामबागेतल्या आमच्या व्हरांड्यात दोघांचा पट मांडलेला असायचा. मग दिवाळीनंतर त्यांची लेक त्यांना बेळगावला घेऊन गेली आणि पट कपाटावर जाऊन बसला.

फोनवर खेळा म्हटलं, तर दोघांचंही एकच. समोर तोंड नसेल तर चिडवायचं कुणाला.

माणूस चिडला तर मला चालतं, गप्प बसला की चालत नाही. हे गप्प बसायला लागले. वर्तमानपत्र घ्यायचं, तेच पान समोर धरायचं आणि चहा गार करायचा. शेवटी मी पुण्याला आमच्या श्रेयांसला फोन लावला. "तुझ्या बाबांना खेळायला कुणीतरी आणून दे. माणूस नाही मिळाला तर यंत्र आण." मुलगा दवाखान्यांच्या यंत्रांचंच काम करतो. त्याने तीन सॉफ्टवेअर सुचवली आणि म्हणाला, आई, तूच बघ, बाबांना काय झेपेल ते तुला कळतं.

मी बघितली. पहिलं 'दिग्विजय'. त्यात पट दिसेपर्यंत इतकी बटणं दाबावी लागत होती, की तेवढ्या वेळात माझी भाकरी भाजून झाली. दुसरं 'काजवा'. ते नुसतंच इंजिन होतं, चाली शोधणारं डोकं तेवढं. पट आपण आणायचा, इंजिन चालवायला दूर कुठेतरी असलेलं मोठं यंत्र ऑनलाइन भाड्याने घ्यायचं, आणि खेळाचे नियमसुद्धा आपणच लिहून द्यायचे. हे म्हणाले, "नुसती चेसिस घेऊन काय करू? मला बसायला गाडी पाहिजे." तिसरं होतं 'बुद्धिसखा'. ते मराठीत बोलायचं. आपला लाकडी पट तसाच ठेवायचा, वर एक चिमुकला कॅमेरा लावायचा. आपण सोंगटी हलवली की ते बघतं, स्वतःची चाल सांगतं आणि त्याच्या सोंगट्या आपणच हलवायच्या. खेळतं समोरच्याच्या बेताने, आणि हार-जीत झाली की वर "छान खेळलात" म्हणतं. दस्तगीरभाईंनी जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

आणि बुद्धिसखात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर मी भाळले. माझा जन्म मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला. लोकांची रक्तं तपासली, रिपोर्ट काढले. माणूस काहीही सांगतो, रिपोर्ट खरं सांगतो, ही माझी अक्कल. बुद्धिसखा दर आठवड्याला खेळणाऱ्याच्या बुद्धीचा रिपोर्ट द्यायचं.

ते कसं, हे श्रेयांसने मला समजावलं होतं. इंजिन कुठलीही चाल बघितली की तिथून पुढच्या लाखो शक्यता तपासतं आणि त्या चालीला गुण देतं. म्हणजे प्रत्येक चाल किती बरोबर, किती चुकीची, हे मोजता येतं. बुद्धिसखा काढणाऱ्या संशोधन संस्थेने म्हाताऱ्या खेळाडूंचे हजारो डाव वर्षानुवर्षं गोळा केले, त्यांच्या मेंदूच्या तपासण्यांशी ताडून बघितले. त्यात असं दिसलं, की विसरभोळेपणाचा आजार सुरू होतो तेव्हा माणूस नावं विसरायच्या कितीतरी आधी त्याचा खेळ बदलतो. लांबचे बेत त्याला जमतात, पण हातातोंडाशी आलेली मात दिसत नाही. एका चालीत डाव संपत असतो आणि तो भलतीच सोंगटी हलवतो. मला हे लगेच पटलं. साखर वाढलेली माणसाला कळत नाही, पण रक्तात दिसते. तसंच हे. तर असा शंभरपैकी एक आकडा यायचा, माझ्या आणि श्रेयांसच्या फोनवर. यांनी त्याला परवानगी दिलेली होती, पण ती न वाचताच. म्हणाले, तिकिटामागचे नियम कुणी वाचतं का?

पहिले काही आठवडे हे अंग चोरून खेळले. परक्याच्या घरी जेवायला गेल्यासारखे. आकडा आला अठ्ठ्याऐंशी. मी श्रेयांसला म्हटलं, बघ, तुझा बाप अजून ठणठणीत आहे.

मग हे रंगात आले. व्हरांड्यातून पुकारणं ऐकू यायला लागलं. "वजीर, वजीर, आज फलाटावरच उभा राहील." मध्येच मोठ्याने हसायचे. यंत्राला "काय पावणं, घाम फुटला काय?" असं विचारायचे. चहा गरम पिऊन व्हायचा. मी पोळ्या लाटता लाटता मनाशी म्हणायचे, बाई, तुझी निवड म्हणजे निवड.

आणि तेव्हाच आकडा घसरायला लागला. आधी ऐंशीवर, मग सत्तरवर, मग साठच्या खाली. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, एका चालीत मात उपलब्ध, खेळाडूला दिसली नाही. एका डावात असं तब्बल नऊ वेळा.

श्रेयांसचा फोन आला तेव्हा त्याचा आवाजच वेगळा होता. "आई, बाबा जवळ आहेत का? मग बाहेर जाऊन बोल. त्यांना कळू देऊ नकोस, घाबरतील." त्याने पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. आणि त्याच्या खालचा फ्लॅट रिकामा होता, तो त्याने आमच्यासाठी धरून ठेवला होता. "आता तुम्ही दोघांनी तिथे एकटं राहायचं नाही. सांगली आता पुरे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग मोरीत नळ सोडून बसले आणि मनसोक्त रडले. ज्या माणसाला सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, तो एक दिवस मला ओळखणार नाही, हे डोक्यातून जाईना.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून मी यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. यांनी चष्मा शोधला, मी मनात नोंद केली. खरं तर हा माणूस लग्नाच्या मांडवातसुद्धा चष्मा शोधत होता. भाजीवाल्याला दोनदा कोथिंबीर मागितली, मी मनात नोंद केली. देवळात जाताना बनियन उलटं घातलं, मी नोंद केली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मी यांना बोलणं बंद केलं. ओला टॉवेल गादीवर पडला तरी गप्प. बाथरूमचा दिवा चालू राहिला तरी गप्प. उलट "राहू द्या हो, मी करते" असं गोड बोलायचे. रोज एक आवडीचा पदार्थ. पुरणपोळी काय, कटाची आमटी काय. पुण्याला जायचंच आहे म्हणून माझ्या कुंड्याही शेजारणीला देऊन टाकल्या.

शुक्रवारी दुपारी मी शेंगा सोलत बसले होते. हे आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझ्यासमोर पाटावर बसले.

"उज्ज्वला," म्हणाले, "खरं सांग. किती राहिलेत?"

"अर्धा किलो असतील अजून."

"शेंगा नव्हे गं. दिवस. तुझे."

मला काही कळेना. यांचे डोळे भरून आले होते. "किती दिवस बघतोय मी," हे म्हणाले. "टॉवेल गादीवर टाकला, तू बोलली नाहीस. मुद्दाम परत टाकला, तरी नाही. दिवा चालू ठेवला, नळ चालू ठेवला. तू कुंड्या देऊन टाकल्यास. लपूनछपून पोराशी बोलतेस. तू लॅबमधली बाई, स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला असशील. मी दस्तगीरला फोन केला, तो म्हणाला, भाबी भांडत नाहीत म्हणजे मामला गंभीर आहे. मला सांग गं, मी खंबीर आहे." आणि हा खंबीर माणूस हुंदके द्यायला लागला.

मीही रडायला लागले. "अहो, मला काही झालेलं नाही. तुम्हाला झालंय."

"मला?"

मग मी सगळं सांगून टाकलं. आकडा, डॉक्टर, रविवार, पुण्याचा फ्लॅट. फोन काढून दाखवला. यांनी चष्मा शोधला, मी पुन्हा नोंद केली, तो शर्टाच्या खिशातच सापडला. हे वाचत गेले. 'एका चालीत मात उपलब्ध' वाचलं, पुढचं वाचलं, आणि बघता बघता यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं परत रडतायत. हे हसत होते. शेंगांची टोपली लवंडेपर्यंत हसले.

"अगं, दिसली नाही काय? ती मात आंधळ्यालाही दिसली असती. पण ती वजिराने होती."

"मग?"

"वजिराने मात देतात होय? आमच्या डेपोच्या विश्रांती खोलीत तसं कुणी केलं असतं तर त्याला पुन्हा पटाला हात लावू दिला नसता. वजीर सगळ्यात दांडगा, त्याने मारलं त्यात काय मोठेपणा? मात द्यायची ती प्याद्याने. सगळ्यात लहान शिपाई आणि त्याने राजाला धरायचं. जुन्या लोकांची रीत आहे ती. त्यासाठी हातातली मात सोडायची, राजाला पळू द्यायचं, मेंढरासारखं हाकत हाकत कोपऱ्यात आणायचं आणि मग प्यादं हळूच पुढं. ज्याला प्याद्याची मात बसेल त्याने सगळ्या खोलीला भडंग आणायचा. दस्तगीरने मला जन्मभर भडंग चारलाय."

"आणि यंत्राशी पण तेच?"

"मग काय? वजिराने जिंकायचा कंटाळा आला होता मला. यंत्राला हाकायला मजा येते. तेही इमानाने पळतं."

हे इतकं सरळ होतं, की मला लगेच पटायला हवं होतं. पण लॅबमध्ये मी एक गोष्ट शिकले आहे. सगळेच पेशंट असंच म्हणतात. साखर तीनशे आली की म्हणतात, काल लग्नात जिलेबी खाल्ली होती. आणि यांना खरंच विसर पडत असेल, तर तो झाकायला माणूस अशीच छान गोष्ट रचेल, आणि ती त्यालाही खरी वाटेल. मी डोळे पुसले. "असं नाही चालायचं. सॅम्पल परत तपासायचं."

"तपास की. मी कुठं पळतोय?" हे म्हणाले आणि खाली सांडलेल्या शेंगा वेचायला लागले.

आता मला ते काजवा आठवलं. बुद्धिसखाला विचारून उपयोग नव्हता, कारण त्याला एकच ठाऊक होतं, लवकर जिंकणं म्हणजे चांगलं. त्याचं गणित चुकलेलं नव्हतं, त्याचा प्रश्नच वेगळा होता. मला असं इंजिन हवं होतं, ज्याला जिंकणं म्हणजे काय हे मला सांगता येईल. मी काजवा उघडलं, शनिवारच्या दुपारपुरतं ते दूरचं यंत्र भाड्याने घेतलं आणि नियमाच्या चौकटीत साध्या मराठीत लिहिलं. वजीर, हत्ती, उंट आणि घोडा यांनी दिलेली मात म्हणजे डाव बरोबरीत. प्याद्याने दिलेली मात म्हणजेच विजय. मग यांचे बुद्धिसखावरचे सगळे डाव त्यात ओतले आणि म्हटलं, आता दे गुण.

काजवाला आधी हा खेळ स्वतः शिकावा लागणार होता. ते स्वतःशीच खेळायला लागलं, एकामागून एक लाखो डाव, आणि पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायला लागली. हे शेजारी बसून चुरमुरे खात होते. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा मी यांचा हात धरला. यांच्या तोंडावरचं हसूही तेव्हा मावळलं होतं. हळूच म्हणाले, "आणि समजा, आकडा वाईटच आला तर?"

"तर मी आहे," मी म्हटलं. "रोज ओळख करून देईन. आणि रोज टॉवेलवरून भांडेन."

आकडा आला त्र्याण्णव.

मी तो तीनदा वाचला. मग खालचं बारीक अक्षर वाचलं, कारण रिपोर्ट वाचायचा तर पूर्ण वाचायचा. ज्या डावात नऊ वेळा मात सोडली होती, तो डाव काजवाच्या मते सगळ्यात उत्तम होता. नऊच्या नऊ वेळा त्यानेही मात सोडलीच असती. एका ठिकाणी यांनी वजीर फुकट देऊन टाकला होता, ती चाल काजवाला आधी चूक वाटली होती आणि बराच खोल विचार केल्यावर पटली होती. मात्र एका डावात घोडा खरोखरच उगाच गेला होता, तिथे त्याने लाल खूण केली होती.

"हा घोडा कसा गेला?"

"तू आतून विचारत होतीस, आमटीत मीठ टाकलं का म्हणून," हे म्हणाले. "आमटीत मीठ मी कशाला टाकू? त्या विचारात गेला."

मी उठले, गादीवरचा ओला टॉवेल उचलला आणि यांना असं काही फैलावर घेतलं, की शेजारीण खिडकीत आली. यांचा चेहरा बघण्यासारखा होता. हे मान खाली घालून ऐकत होते आणि पोटभर जेवल्यासारखे सुखावले होते.

श्रेयांसला मी सगळं पाठवलं. तो म्हणाला, "आई, पण बाबांनी मला हे कधीच सांगितलं नाही."

"तू दहावीत पट सोडलास," मी म्हटलं. "विचारलंस कधी?"

रविवारी तो आला. गाडी घेऊनच आला, पण डॉक्टरांची वेळ त्याने पुढच्या महिन्यावर ढकलली होती. एकदा साधी तपासणी करून घेऊ एवढंच म्हणाला, आणि त्याला मीही हो म्हटलं, यांनीही. मग बापलेक पटावर बसले. पोराने बुद्धी पणाला लावली, घामाघूम झाला. हे शांतपणे त्याच्या राजाला हाकत होते. "विनाथांबा गाडी कोपऱ्याकडे निघालेली आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं." आणि शेवटी एक प्यादं एक घर पुढे सरकलं. श्रेयांस पटाकडे बघतच राहिला. मग उठला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरून भडंगाचा मोठा पुडा घेऊन आला. पुण्याच्या फ्लॅटचं नाव त्यानंतर निघालं नाही.

त्याने ते डाव बुद्धिसखावाल्या संस्थेलाही पाठवले होते. तिथल्या एक बाई आमच्याशी अर्धा तास बोलल्या. भल्या बाई. म्हणाल्या, "आम्ही चाली मोजत होतो, खेळणाऱ्याला काय हवंय ते विचारलंच नव्हतं." आता बुद्धिसखा डाव मांडायच्या आधी विचारतं, आज कशासाठी खेळताय? यांनी सांगितलं, प्याद्याने मात द्यायला, कायमचं लिहून घ्या. त्यानंतर कितीतरी आठवडे आकडा नव्वदच्या खाली आला नाही. दस्तगीरभाईंनीही बेळगावात तेच सुरू केलंय आणि त्यांचा आकडा यांच्याहून दोनने जास्त आहे, त्यावरून रोज फोनवर मारामारी चालते.

या सगळ्या भानगडीत मला सोंगट्यांच्या चाली आपोआप येऊन गेल्या. संध्याकाळी भाजी टाकायच्या आधी मीही एक डाव बसायला लागले. कॅमेरा वर होताच. मी वाईट खेळते. हे चिडवतात, मी चिडते, यांना दस्तगीरभाई परत आल्यासारखं वाटतं.

आणि परवा श्रेयांसचा फोन. आवाज पुन्हा तसाच. "आई, बाबांचा आकडा परत घसरला. मी नीट बघितलं, प्याद्याची मात धरूनच मोजलाय. यंत्राशी खेळतात ते डाव उत्तम आहेत. तुझ्याशी खेळतात तेवढेच बिघडलेत. तयार असलेली प्याद्याची मातसुद्धा सोडून देतात."

या वेळी मी मोरीत जाऊन नळ सोडला नाही. मी म्हटलं, बघते.

संध्याकाळी पट मांडला. हे नेहमीसारखे पुकारत होते, मी नेहमीसारखी हरत होते. माझा राजा कोपऱ्यात सापडला. आता मलाही एवढं कळतं. यांचं उंटापुढचं प्यादं एक घर पुढे गेलं की संपलं. मी वाट बघत बसले. यांनी पटावरून नजर फिरवली, प्याद्याजवळ बोट नेलं, मागे घेतलं आणि हत्ती उगाच एक घर सरकवला.

"अहो, प्यादं."

"कुठलं? दिसलं नाही गं."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या."

एसटी स्टँडवर गावभर आवाज घुमवलेला माणूस, पुटपुटला. "मात दिली की तू उठतेस. म्हणतेस, झालं, आता भाजी टाकते."

आत कुकरची तयारी करून ठेवली होती, वांगी चिरून पाण्यात पडली होती. मी यांचा हत्ती उचलला, परत पहिल्या जागी ठेवला. मग यांचं ते प्यादं धरलं आणि माझ्या राजावर स्वतःच पुढे ढकललं.

"घ्या, दिली मात. भडंग मी आणेन उद्या," मी म्हटलं. "आता दुसरा मांडा."